दोन अक्षरांचा कस : जेम्स प्रिन्सेप

अशोक विजयादशमीला सम्राट अशोकाचे नाव आम्ही सारेच अभिमानाने घेतो. १९५६ साली याच दिवशी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. परंतु दोनशे वर्षांपूर्वी हे नाव भारतात जवळजवळ विस्मृतीत गेले होते. पुराणांच्या वंशावळींत ते अनेक राजांपैकी एकाचे नाव म्हणून उरले होते. त्या राजाने शिळांवर आणि स्तंभांवर कोरविलेले शब्द लोकांच्या डोळ्यांसमोर होते. ते वाचणारा मात्र कोणी नव्हता. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दोन अशोकस्तंभ दिल्लीस आणविले, तेव्हाही त्यांवरील लेख कोणाला लागला नाही. ही मूक अक्षरे ज्यांनी बोलती केली, त्या जेम्स प्रिन्सेप यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. आरंभी त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. पण दृष्टी अधू झाल्याने तो मार्ग सोडावा लागला आणि ते धातूंचा कस पाहण्याचे शास्त्र शिकले. १८१९ मध्ये ते कलकत्त्याच्या टांकसाळीत रुजू झाले. पुढच्याच वर्षी त्यांची नेमणूक बनारसला झाली व तेथे त्यांनी दहा वर्षे काढली. टांकसाळीचे काम सांभाळून त्यांनी त्या शहराची खानेसुमारी केली, सांडपाण्याचा निचरा व्हावा म्हणून भुयारी मार्ग बांधला आणि कर्मनाशा नदीवर पूल उभारला. १८३० मध्ये ते कलकत्त्यास परतले व १८३२ मध्ये एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले. कस लावल्याशिवाय सोन्याला सोने म्हणायचे नाही, ही टांकसाळीची शिस्त त्यांनी पुढे अक्षरांनाही लावली.

त्या वेळी गुप्तकाळातील लेख काही विद्वानांनी वाचले होते. मुंबई इलाख्यातील जॉन स्टीव्हन्सन यांनी आपल्या कार्ल्याच्या लेण्यांतील काही जुनी अक्षरे ओळखली होती. प्रिन्सेप यांनी अलाहाबादच्या स्तंभावरील अक्षरांचा तक्ता केला, कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले आणि व्यंजनांना जोडलेल्या स्वरांच्या खुणा वेगळ्या काढल्या. अर्थ अद्याप लागला नव्हता; परंतु लिपीची घडण दिसू लागली होती.

१८३७ साली कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांचीच्या स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावरील लेखांचे ठसे पाठविले. ते ठसे मांडून ठेवताना प्रिन्सेप यांच्या लक्षात आले, की हे लेख आखूड आहेत, प्रत्येक लेख स्वतंत्र आहे आणि बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत. येथे त्यांनी अनुमान केले. पवित्र स्थळी वेगवेगळ्या दगडांवर असे छोटे लेख कोण कोरवील? दाते कोरवितील. आजही आपल्या विहारातील पंख्यावर किंवा फरशीवर देणगीदाराचे नाव असते. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असला पाहिजे. त्याआधी वारंवार येणारे अक्षर ‘स’ असावे. कारण प्राकृतात षष्ठीचा प्रत्यय ‘स’ असतो, जसा मराठीत आपण ‘चा, ची, चे’ लावतो. सौराष्ट्राच्या नाण्यांवर ते अक्षर त्यांच्या परिचयाचे झाले होते. अशा रीतीने ‘अमक्याचे दान’ असा अर्थ जुळला. एका ‘दा’ धातूने द, न आणि अनुस्वार हाती दिले, आणि थोड्याच काळात बाकीची वर्णमाला उलगडली.

मग त्यांनी दिल्लीच्या स्तंभाकडे मोर्चा वळविला. तेथे लेखाच्या आरंभी पुन्हा पुन्हा ‘देवानंपिय पियदसि’ हे शब्द येत होते. त्यापुढचा शब्द होता ‘लाजा’. पूर्वेकडील बोलीत ‘र’च्या जागी ‘ल’ येतो, हे ध्यानात घेतले की तो ‘राजा’ होतो. ‘पिय’मागे प्री हा धातू, ‘दसि’मागे दृश्, आणि ठिकठिकाणी येणाऱ्या ‘धंम’मागे धृ, म्हणजे धारण करणे. संस्कृत जाणणारे कमलाकांत विद्यालंकार यांच्यासारखे पंडित या कामी त्यांच्या सोबत होते, हे विसरून चालणार नाही.

पण हा पियदसि कोण? सिंहलच्या इतिहासात देवानंपिय तिस्स नावाचा राजा आढळतो. त्यावरून हा तोच असावा, असे प्रिन्सेप यांनी मानले. हे अनुमान चुकीचे होते. सिंहलमध्ये अधिकारी असलेले जॉर्ज टर्नर यांना दीपवंस या पाली ग्रंथात चंद्रगुप्ताचा नातू व बिंदुसाराचा पुत्र अशोक याचेच पियदस्सि हे नाव सापडले. प्रिन्सेप यांनी आपल्या मताचा हट्ट न धरता ही दुरुस्ती स्वीकारली. पुढे गिरनारच्या लेखात त्यांना ‘अंतियोक’ या ग्रीक राजाचे नाव मिळाले आणि अशोकाचा काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात निश्चित होऊ लागला. १९१५ मध्ये कर्नाटकातील मस्की येथे देवानंपिय या बिरुदासह प्रत्यक्ष अशोक हे नाव असलेला लेख मिळाला, तेव्हा टर्नर यांच्या अनुमानावर दगडाचीच साक्ष उमटली.

हे पाहण्यास प्रिन्सेप हयात नव्हते. अतिश्रमाने १८३८ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. त्यांना इंग्लंडला नेण्यात आले व २२ एप्रिल १८४० रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कलकत्त्यास हुगळीच्या काठी प्रिन्सेप घाट त्यांचे स्मरण जागवीत उभा आहे.

ते परकीय सत्तेचे नोकर होते, हे खरे. तरी त्यांच्या जीवनातून आमच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट अवश्य घ्यावी. अनोळखी शब्द दिसला की थबकू नये. त्याचा धातू शोधावा, शेजारचे शब्द काय सांगतात ते पाहावे आणि अंदाज बांधावा. मात्र तो अंदाज पडताळल्याशिवाय सत्य मानू नये. केवळ तर्काला पटते म्हणून काही स्वीकारू नये, हा उपदेश तथागतांनी कालामांना केलाच आहे. पालकांनी मुलांना कार्ल्याला किंवा कान्हेरीला न्यावे. तेथील लेखांत ‘देयधम’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ मुलांना लगेच सांगू नये. दान, दाता, देणे, देणगी हे शब्द आठवावयास लावावेत. धर्मासाठी दिलेली देणगी, हा अर्थ त्यांचा त्यांनाच सापडेल, आणि आपल्या पूर्वजांचे अक्षर आपण वाचले, हा आनंद त्यांना जन्मभर पुरेल.