सूर्याचे अभ्यासक ज्यूल जान्सेन

खग्रास ग्रहणात चंद्राने सूर्यबिंब झाकले, म्हणजे त्याच्या कडेवर तांबड्या ज्वाला दिसू लागतात. एरवी सूर्याच्या प्रखर तेजात त्या लोपून जातात. त्यामुळे पूर्वी शास्त्रज्ञांना ग्रहणाची वाट पाहावी लागे आणि त्यांच्या हाती येत ती मोजकी मिनिटे! हे बंधन ज्यांनी तोडले, त्यांपैकी एक म्हणजे फ्रेंच ज्योतिर्विद ज्यूल जान्सेन.

जान्सेन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८२४ रोजी पॅरिस येथे झाला. बालपणी अपघातात त्यांचा पाय कायमचा अधू झाला. घरची स्थिती बेताची, म्हणून तरुणपणी त्यांना बँकेत नोकरी करावी लागली. परंतु ज्ञानाची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. मोठ्या चिकाटीने त्यांनी विद्याभ्यास पुरा केला आणि सूर्यप्रकाशाच्या संशोधनाला वाहून घेतले.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण पाहण्यासाठी ते भारतात गुंटूर येथे आले. प्रकाशाचे निरनिराळ्या रंगांत पृथक्करण करणारा वर्णपटदर्शक त्यांच्यापाशी होता. ग्रहण लागताच ज्वालांच्या प्रकाशात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्या ज्वाला तप्त वायूंच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या होत्या. इतक्या ठळक रेषा ग्रहणावाचूनही दिसल्या पाहिजेत, असे त्यांच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्र सूर्याच्या कडेवर रोखले. वर्णपटात सूर्याचा प्रकाश सर्व रंगांत पसरून फिका पडला. ज्वालांचा प्रकाश मात्र थोड्या रेषांत एकवटलेला असल्यामुळे उठून दिसला. ग्रहणाची गरज उरली नाही!

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी स्वतंत्रपणे हाच शोध लावला. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. फ्रान्सने दोघांच्याही प्रतिमा असलेले पदक काढून त्यांचा सारखाच गौरव केला.

१८७० साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. अल्जीरियात २२ डिसेंबरला ग्रहण दिसणार होते. पण नगराबाहेर पडण्यास वाट नव्हती. २ डिसेंबरला जान्सेन उपकरणांसह बलूनमध्ये बसले आणि शत्रूच्या डोक्यावरून पार झाले. ते अल्जीरियात पोहोचले. परंतु ऐन वेळी आभाळ ढगांनी भरून आले. एवढे साहस व्यर्थ गेले! तरीही ते खचले नाहीत. पुढच्याच वर्षी ते पुन्हा भारतात आले आणि निलगिरी पर्वतावरून त्यांनी ग्रहणातील सूर्याचे प्रभामंडळ न्याहाळले.

पुढे पॅरिसजवळ म्यूदों येथील वेधशाळेचे ते संचालक झाले. तेथे सूर्याची हजारो छायाचित्रे घेण्यात आली. विरळ हवेत वेध घेता यावेत म्हणून त्यांनी माँ ब्लाँ या हिमशिखरावरही वेधशाळा उभारली. १८९३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, ते तेथे गेले. चढण्यास पाय असमर्थ होते, म्हणून माणसांनी त्यांना वाहून नेले. २३ डिसेंबर १९०७ रोजी म्यूदों येथे त्यांचे निधन झाले.

पाय अधू असूनही सूर्याच्या शोधात जान्सेन यांनी समुद्र ओलांडले, आकाशातून प्रवास केला आणि हिमशिखर गाठले. ज्याची जिज्ञासा बलवान, त्याची वाट कोण अडवणार?