मिरजेचे वॉन्लेस डॉक्टर
सर विल्यम वॉन्लेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. १८८९ साली ते हिंदुस्थानात आले व पुढे त्यांनी मिरजेस मिशन इस्पितळ उभारले. शस्त्रक्रियेत त्यांचा हातखंडा होता. तथापि त्यांची सेवा तेथेच थांबली नाही. क्षयरोग्यास दीर्घ विश्रांती, सकस अन्न व मोकळी हवा हवी, म्हणून त्यांनी आरोग्यधाम काढले. तीच वॉन्लेसवाडी होय. १९३३ साली ते प्रभूत निजले.

धर्मापुरीच्या बंधुभगिनींनो, अंबाजोगाईच्या इस्पितळातून कोणी अशक्त स्थितीत घरी परतल्यास केवळ प्रार्थना करून उठू नये. पेज, पथ्य, औषधाची वेळ व पुन्हा दाखविण्याचा दिवस ही कामे मंडळीने वाटून घ्यावी. क्षयाचे औषध मध्येच सोडल्यास रोग उलटतो व औषधास दाद देत नाही, हे उपदेशकांनी घरोघर सांगावे.