स्वतःच्याच कथेचे नायक

मराठीत कादंबरीकारालाही चाहते असू शकतात, हे ना. सी. फडके यांच्या काळात प्रथम ठळकपणे दिसले. १८९४ साली जन्मलेल्या फडक्यांनी १९१७ मध्ये मेरी कोरेलीच्या कादंबरीच्या आधारे ‘अल्ला हो अकबर’ लिहिली. पुढे ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ यांनी तरुण वाचकांना अक्षरशः वेड लावले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील तत्त्वज्ञानाचे हे प्राध्यापक घरोघरी ठाऊक झाले. वाचकांना आता केवळ गोष्ट पुरेना. ती सांगणारा कसा राहतो, कशात रमतो, याचेही कुतूहल वाटू लागले.

फडक्यांनी ते नेमके ओळखले. ‘गुजगोष्टीं’तील विषय किरकोळ, पण बोलणारा ‘मी’ रसिक, नेटका, सुखासीन. या ‘मी’चा आणि त्यांच्या नायकांचा तोंडवळा बराचसा एकच होता. वाचकाने लेखकात नायक पाहावा आणि लेखकानेही त्याला हरकत घेऊ नये, असा तो मामला होता.

१९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दोनच वर्षांनी, पहिली पत्नी हयात असताना, त्यांनी कमल दीक्षित यांच्याशी विवाह केला आणि महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. कादंबरीतल्या प्रेमाला दाद देणाऱ्यांपैकी अनेकांना लेखकाचे प्रेम रुचले नाही. कीर्तीने घराची दारे उघडी टाकली होती. ती मिटून घेणे आता शक्य नव्हते. १९४३ मध्ये ‘माझ्या साहित्यसेवेतील स्मृती’ प्रसिद्ध झाले, तेव्हा फडक्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

पुढे मर्ढेकर, गाडगीळ यांच्या नवसाहित्याने अभिरुचीच पालटली. पद्मभूषण १९६२ मध्ये मिळाले, परंतु समीक्षेतील दबदबा ओसरला होता. १९६९ च्या आत्मचरित्राला त्यांनी ‘माझं जीवन : एक कादंबरी’ हे नाव दिले. ‘प्रतिभासाधन’मध्ये कथानकाच्या रचनेचे धडे देणाऱ्या लेखकाला हे नाव सुचावे, यात नवल नाही. मात्र आयुष्याची कादंबरी केली की लेखकाच्या सोबत्यांची पात्रे होतात, आणि त्यांनी किती बोलावे हे नायकच ठरवतो. दुसऱ्या विवाहाने ज्यांचे आयुष्य पालटले, त्यांच्या दृष्टीने ही कथा कशी दिसली असती, हा प्रश्न उरतोच.

फडके लिहीतच राहिले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या सत्तरीपार गेली होती.