अळ्या पाळणारी चित्रकार : मारिया मेरियन

पानावर अळी दिसली की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. साडेतीनशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक पोरगी अशाच अळ्या घरी आणायची, डब्यात ठेवून रोज ताजा पाला घालायची आणि पुढं काय होतं ते बघत बसायची. तिचं नाव मारिया सिबिला मेरियन.

जन्म २ एप्रिल १६४७, गाव फ्रँकफर्ट. ती तीन वर्षांची असताना वडील वारले. सावत्र वडील फुलांचे चित्रकार, त्यांच्या हाताखाली ती रंगकाम शिकली. तेराव्या वर्षी रेशीमकिड्यांपासून सुरुवात झाली.

तेव्हा किडे चिखलातून, कुजक्या घाणीतून आपोआप निपजतात, असाच बहुतेकांचा समज. शिकलेलेही तेच धरून चालायचे. मारियानं वाद घातला नाही. अंडं, अळी, कोष, पतंग हे डोळ्यांसमोर घडताना पाहिलं, टिपून ठेवलं आणि ती अळी ज्या झाडाचा पाला खाते त्याच झाडावर सगळ्या अवस्था एका चित्रात रंगवल्या. १६७९ साली अळ्यांवरचं ५० चित्रांचं पहिलं पुस्तक निघालं. कोणती अळी कोणत्या झाडावर, हे शेतकऱ्याच्या कामाचंच ज्ञान की! काही कोषांतून पतंगाऐवजी माश्याच निघायच्या. आज त्यांना मित्रकीटक म्हणतात. तिला त्याचा उलगडा झाला नाही, पण दिसलं तसं तिनं लिहून ठेवलं.

संसार टिकला नाही. दोन मुलींना घेऊन ती नवऱ्यापासून वेगळी झाली आणि १६९१ मध्ये ॲमस्टरडॅमला आली. तिथं परदेशातून आणलेली मेलेली फुलपाखरं टाचून ठेवलेली असायची. त्यांची अळी कशी, झाड कोणतं, कुणालाच पत्ता नाही. मग चित्रं विकून तिनं पैसा उभा केला आणि १६९९ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन थेट दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम गाठलं.

तिथले डच मळेवाले फक्त उसाचे. किडे शोधणारी बाई बघून ते हसायचे. जंगलातली माहिती तिला मिळाली ती गुलामांकडून आणि मूळ रहिवाशांकडून. आपल्या अंगणात लाल-पिवळा फुलतो तो शंखासूर तिनं तिथं रंगवला, आणि सोबत लिहिलं की आपलं लेकरू गुलामीत जन्मू नये म्हणून गुलाम बाया याच झाडाचं औषध घेऊन गर्भ पाडतात. हे तिला त्या बायांनीच सांगितलं होतं. किड्यांच्या पुस्तकात एवढी गोष्ट लिहायला छाती लागते.

आजारपणामुळं १७०१ मध्ये परतावं लागलं. १७०५ साली ६० चित्रांचा सुरिनामचा ग्रंथ आला. पक्षी खाणारा मोठा कोळी त्यात आहे. पुढं काही जाणकारांनी ते थोतांड ठरवलं, नंतर तसा कोळी खरोखर आढळला.

१३ जानेवारी १७१७ ला ॲमस्टरडॅममध्ये ती गेली. त्याच सुमारास रशियाच्या झार पीटरसाठी तिची बरीच चित्रं विकत घेतली गेली. युरो येण्याआधी जर्मनीच्या ५०० मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा होता. मागच्या बाजूला एक साधं रानफूल, आणि त्यावर अळी.