आधी खंड सरकतात हेच नाकारलं, मग भूगर्भशास्त्राला ‘ट्रान्सफॉर्म फॉल्ट’ हा शब्द दिला: टुझो विल्सन यांची गोष्ट

कुठं मोठा भूकंप झाला की बातम्यांमध्ये ‘ट्रान्सफॉर्म फॉल्ट’ हा शब्द अधूनमधून येतो. फॉल्ट म्हणजे शाळेच्या भूगोलातला प्रस्तरभंग. खडकाला तडा जातो आणि तड्याच्या दोन्ही बाजू सरकतात. पण मग त्याच्या आधी ‘ट्रान्सफॉर्म’ कशाला? हा शब्द १९६५ साली आणला जॉन टुझो विल्सन या कॅनडाच्या भूभौतिकशास्त्रज्ञानं. आणि त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत खंड सरकतात हेच त्यांना मान्य नव्हतं.

विल्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा, ओटावातला. आई हेन्रिएटा टुझो गिर्यारोहक होत्या, इतक्या पट्टीच्या की कॅनडातल्या एका शिखराला त्यांचं नाव आहे. मुलानं टोरांटो विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि भूगर्भशास्त्र दोन्ही एकत्र शिकले. पुढे केंब्रिज, मग प्रिन्स्टनमधून १९३६ ला पीएचडी, काही वर्षं कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी, महायुद्धात सैन्यात कर्नलपदापर्यंत मजल आणि १९४६ पासून टोरांटोत प्राध्यापकी.

वेगेनर यांनी खंड सरकतात हे १९१२ मध्येच सांगितलं होतं. विल्सन मात्र दुसऱ्या गटात. पृथ्वी थंड होत आकसतेय आणि सुकलेल्या लिंबाच्या सालीला सुरकुत्या पडाव्यात तसे डोंगर उभे राहिलेत, असं ते मानायचे. १९५७ ते १९६० या काळात ते या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. म्हणजे चुकीच्या बाजूला असूनही मान भरपूर होता. अशा जागी बसलेला माणूस सहसा मत बदलत नाही.

विल्सन यांनी बदललं, तेही पन्नाशी ओलांडल्यावर. समुद्राच्या तळाशी असलेल्या डोंगररांगांपाशी नवा तळ तयार होतो आणि दोन्हीकडे पसरत जातो, ही हॅरी हेस यांची मांडणी त्यांना पटली. १९६३ मध्ये त्यांनी हवाईची बेटं एकाच तप्त जागेवरून समुद्रतळ सरकत गेल्यामुळं ओळीनं तयार झाली, असं मांडलं. एका अमेरिकन नियतकालिकानं तो लेख नाकारला, तेव्हा त्यांनी तो कॅनडात छापून आणला.

आता मूळ मुद्दा. अटलांटिकच्या मधोमध जाणारी डोंगररांग सलग नाही. जागोजागी ती तुटून बाजूला सरकल्यासारखी दिसते. समजा, रांगेचा दक्षिणेकडचा तुकडा पूर्वेला सरकलेला दिसतोय. सरळ विचार केला तर मधल्या फॉल्टची दक्षिण बाजू पूर्वेला गेली असणार. विल्सन म्हणाले, उलट! रांगेचे तुकडे होते तिथंच आहेत. उत्तरेच्या तुकड्यातून निघालेला तळ पूर्वेला चाललाय, दक्षिणेच्या तुकड्यातून निघालेला पश्चिमेला, आणि दोन तुकड्यांच्या मधल्या पट्ट्यात ते एकमेकांना घासून जातायत. तुकड्यांच्या टोकापलीकडे दोन्ही बाजू एकाच दिशेनं जातात, म्हणून तिथं भूकंप जवळपास नाहीत. फॉल्ट रांगेपाशी पोचला की घासण्याच्या हालचालीचं रूपांतर दूर जाण्याच्या हालचालीत होतं. ते रूपांतर म्हणजेच ट्रान्सफॉर्म. कागद कापून आणि दुमडून ते हे लोकांना दाखवायचे.

याची खरी ताकद अशी की हे तपासता येत होतं. १९६७ मध्ये लिन साइक्स यांनी समुद्रातल्या भूकंपांच्या नोंदींवरून सरकण्याची दिशा काढली. ती विल्सन यांनी सांगितलेलीच निघाली. खंड सरकतात यावर विश्वास नसलेल्या अनेकांची तिथंच अडचण झाली.

शब्द वापरताना मात्र एक गल्लत नेहमी होते. आडवा सरकणारा प्रत्येक फॉल्ट ट्रान्सफॉर्म नसतो. तो दोन भूपट्टांच्या सीमेवर असावा लागतो आणि त्याची टोकं दुसऱ्या सीमांना जोडलेली असावी लागतात. कॅलिफोर्नियाचा सॅन अँड्रियास या व्याख्येत बसतो, आणि हे विल्सन यांनीच दाखवलं. आपल्या जवळचं उदाहरण अरबी समुद्रात आहे. भारतीय आणि अरबी भूपट्ट ओवेन फ्रॅक्चर झोनपाशी एकमेकांना घासतात. १९९३ चा किल्लारीचा भूकंप मात्र भूपट्टाच्या आत झाला, सीमेवर नाही. त्यामुळं तिथं हा शब्द लावू नये.

१९६६ मध्ये विल्सन यांनी अटलांटिक एकदा मिटून पुन्हा उघडला असावा, असं मांडलं. महासागर उघडण्या-मिटण्याच्या या फेऱ्याला आज विल्सन चक्र म्हणतात. १९७४ ते १९८५ ते टोरांटोतल्या ओंटारिओ सायन्स सेंटरचे प्रमुख होते. हात लावून बघा, अशा पद्धतीचं हे संग्रहालय. कागदाच्या घड्या घालून विज्ञान सांगणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली जागा कुठली? १५ एप्रिल १९९३ ला त्यांचं निधन झालं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखींना टुझो विल्सन यांचं नाव आहे. क्वीन शार्लट नावाचा फॉल्ट त्यांच्याजवळच संपतो, आणि तोही ट्रान्सफॉर्मच आहे.