देवदत्त रामकृष्ण भांडारकर

भांडारकर म्हटले की सर रामकृष्ण गोपाळ आणि त्यांच्या नावाची पुण्यातील संस्था आठवते. त्यांचे चिरंजीव देवदत्तपंत (१८७५–१९५०) यांचे नाव मात्र मागे पडले आहे. राजपुताना, सिंध, माळवा आणि अखेरीस कलकत्ता अशा दूरच्या प्रांतांत कर्तृत्वाची वर्षे वेचणाऱ्या या संशोधकाचे स्मरण बंगळूरात स्थिरावलेल्या आम्हां मराठी जनांनी करणे उचित होय.

पुरातत्त्व खात्यात हेन्री कझिन्स यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली आणि त्यांच्यामागून पश्चिम विभागाची सूत्रे हाती घेतली. १९१३ ते १९१५ या काळात त्यांनी विदिशेजवळ बेसनगर येथे उत्खनन केले. तेथे लोक ज्याला खांबबाबा म्हणून भजत, तो स्तंभ म्हणजे हेलिओडोरस नामक ग्रीक वकिलाने वासुदेवाप्रीत्यर्थ उभारलेला गरुडध्वज होता. पुराणकथांतील वासुदेवाची उपासना ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात प्रत्यक्ष चालू होती, याची साक्ष त्या लेखाने दिली. भांडारकरांनी भोवतालच्या वास्तूंचे अवशेष उजेडात आणले. त्याच जागी १९६३ नंतर झालेल्या उत्खननात आणखी जुन्या देवळाचा पाया सापडला.

याच भांडारकरांनी १९११-१२ साली सिंधमधील मोहेंजोदडोची टेकाडे पाहिली होती. मोहेंजोदडो म्हणजे मृतांचे टेकाड. एवढ्या नावापलीकडे लोकांच्या स्मृतीत त्या नगराचे काहीच उरले नव्हते. भाजलेल्या विटा अलीकडच्या घडणीच्या दिसल्या, कोरीव मृण्मय काम आढळले नाही. म्हणून हे गाव जेमतेम दोनशे वर्षांचे असावे, असा अहवाल त्यांनी दिला. वास्तविक त्या विटा चार हजार वर्षांहून जुन्या होत्या.

सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या आम्हांस एका शेऱ्याने प्रकरण कसे मिटते हे चांगले ठाऊक आहे. सुदैवाने येथे तसे झाले नाही. राखालदास बॅनर्जींनी १९२२ साली तेथे उत्खनन आरंभिले, आणि १९२४ साली सर जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीची वार्ता जगास दिली. पुढील हंगामात तेथे खोदकाम केले ते काशिनाथ नारायण दीक्षित या दुसऱ्या मराठी अधिकाऱ्याने.

भांडारकर १९१७ पासून १९३६ पर्यंत कलकत्ता विद्यापीठात कार्मायकेल प्राध्यापक होते. आपल्या या कर्नाटकात मस्की येथे १९१५ साली अशोकाचे नाव असलेला शिलालेख मिळाला. त्यानंतर दहा वर्षांनी भांडारकरांचा अशोकावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. उत्तर भारतातील कोरीव लेखांची त्यांनी सिद्ध केलेली सूची अभ्यासकांना दीर्घकाळ आधारभूत ठरली.

थोरांच्या चरित्रातून अशी चूक वगळण्याचा मोह होतो. आम्हांस ते प्रशस्त वाटत नाही. लुप्त नगरीची कथा ऐकताच कोणी तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, तर कोणी तिला हसण्यावारी नेतो. दोन्ही निर्णय जमीन खणण्यापूर्वीचेच. बेसनगरला भांडारकरांनी जमीन खणली, मोहेंजोदडोला ती केवळ वरून पाहिली. त्यांच्या चरित्रातून आपल्या मुलांनी एवढा भेद ध्यानी घेतला, तरी हे स्मरण सार्थकी लागेल.