मान्यतेची पस्तीस वर्षे
(महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कार्याचे स्मरण)

श्रीगणेश ही विद्येची देवता. म्हैसूरला स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी अनेकांचे आयुष्य शाळा, महाविद्यालये, संशोधन संस्था आणि व्यवस्थापन शिक्षणाच्या संस्थांमध्ये गेले आहे. मान्यता हा शब्द त्यांना नवा नाही. 'नॅक'ची समिती येणार असली की महिना महिना फायली लावायच्या, ग्रंथालयातील पुस्तके मोजायची, माजी विद्यार्थ्यांचे पत्ते शोधायचे, हे सर्व ओळखीचे आहे. मान्यता नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत आणि विद्यार्थी नाहीत म्हणून मान्यता मिळत नाही, हा पेचही ओळखीचा आहे. या पेचात एका मराठी माणसाने पस्तीस वर्षे संस्था चालवून दाखवली. ते म्हणजे महर्षी अण्णासाहेब कर्वे.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडचे, परिस्थिती बेताची. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी ते मुरूडहून सातारला निघाले. ऐन पावसाळ्याचे दिवस. डोंगर, नद्या पार करीत शंभराहून अधिक मैल पायी चालून ते पोहोचले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. आल्या वाटेने परत जावे लागले. पात्रता असूनही दारातून परत फिरावे लागणे म्हणजे काय, हे त्यांना असे लवकरच कळले.

1884 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि 1891 मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी पहिल्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. 11 मार्च 1893 रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. अण्णांनी वाद घातला नाही, कामाला लागले.

1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. प्लेगच्या काळात, 1900 साली, तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत हलवला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, मग चिखल तुडवीत हिंगण्याला जायचे आणि सुटीत गावोगाव वर्गणी मागायची, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. स्वतःची विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. बायांना ते खटकले, आणि खटकणे साहजिकच होते. चार मुलांचा संसार त्यांनाच ओढायचा होता. तरीही पुढे त्या स्वतः आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या. 1907 मध्ये महिला विद्यालय निघाले.

पुढचे पाऊल मात्र फार मोठे होते. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या वाचनात आली. डिसेंबर 1915 मध्ये मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथे त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि 1916 च्या जूनमध्ये विद्यापीठ स्थापनही झाले. तेव्हा अण्णा 58 वर्षांचे होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले आणि रँग्लर परांजपे कुलगुरू. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या पाच.

आपल्या म्हैसूर विद्यापीठाची स्थापनाही 1916 चीच, 27 जुलैची. येथे नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्यासारखे महाराज आणि सर विश्वेश्वरय्यांसारखे दिवाण होते. राज्याचा कायदा होता, खजिना होता. विद्यापीठ जन्मले तेच मान्यता घेऊन. हिंगण्याच्या विद्यापीठापाशी यातले काहीच नव्हते. लोकांची वर्गणी हाच खजिना, आणि वर्गणीदारांनीच सिनेटचे सभासद निवडून द्यायचे अशी घटना. विशेष म्हणजे शिकवण्याचे माध्यम मातृभाषा ठेवले होते. इंग्रजी हा एक विषय म्हणून आवश्यक होता.

सरकारमान्यता नसल्याने पदव्यांची नावेसुद्धा वेगळी ठेवली गेली. बी. ए. ऐवजी 'गृहीतागमा' आणि एम. ए. ऐवजी 'प्रदेयागमा'. नावे सुंदर, पण बाजारात त्यांना किंमत किती? मुलीला तीन-चार वर्षे शिकवून हाती येणारा कागद सरकारदरबारी चालणार नाही, हे पालकांना दिसत होते. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी घेतली तर निदान नोकरी मिळेल, हा हिशेब चुकीचा नव्हता. अण्णांनाही तो कळत होता. अभ्यासक्रम सरकारमान्य विद्यापीठासारखा करून टाकणे हा सोपा मार्ग होता. पण मग वेगळे विद्यापीठ कशासाठी, हा प्रश्न उरला असता. मातृभाषेतून शिकणाऱ्या, घर सांभाळून शिकू पाहणाऱ्या मुलींसाठी ही सोय होती. ती मोडून मान्यता घ्यायची नाही आणि मान्यता नाही म्हणून काम थांबवायचेही नाही, असे त्यांनी ठरवले. त्याची किंमत काही प्रमाणात त्या पहिल्या विद्यार्थिनींनाही मोजावी लागली, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या विश्वासावरच विद्यापीठ तगले.

1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपयांची देणगी जाहीर केली. जपानच्या प्रवासात त्यांनी तेथील महिला विद्यापीठ स्वतः पाहिले होते. त्यांच्या मातोश्रींच्या नावावरून विद्यापीठ 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी' म्हणजेच एस.एन.डी.टी. झाले. वर्गणीच्या आण्यांवर चालणाऱ्या संस्थेला आधार मिळाला. पण मोठ्या देणगीबरोबर संस्थेचे रूपही बदलते. नाव बदलले आणि 1936 मध्ये मुख्य ठिकाणही मुंबईला गेले. स्वतः उभारलेली संस्था हिंगण्याबाहेर वाढते आहे, याला अण्णांनी आडकाठी केली नाही. संस्था आपली म्हणून धरून ठेवायची नसते, हे अनेक संस्थापकांना शेवटपर्यंत उमगत नाही; अण्णांना ते उमगले होते.

पैसा आला तरी मान्यता आली नाही. 1929 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा विद्यापीठाची माहिती सांगत जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका करून जपानला गेले आणि ज्या विद्यापीठाने कल्पना सुचवली ते डोळ्यांनी पाहिले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट झाली. नंतर पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वस्त्यांत फिरून 1932 मध्ये परतले. परदेशी स्थिरावलेल्या आपल्या माणसांनीही या कार्याला हातभार लावला, हे आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1931 ते 1936 या काळात त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या.

अखेर स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये मुंबई सरकारने विद्यापीठाचा कायदा केला आणि 1951 पासून ते वैधानिक विद्यापीठ झाले. लेडी प्रेमलीला ठाकरसी कुलगुरू झाल्या. अण्णा त्या वेळी 93 वर्षांचे होते. बायांनी मात्र हा दिवस पाहिला नाही. 1950 मध्येच त्या गेल्या होत्या. 1958 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळाले आणि 9 नोव्हेंबर 1962 रोजी, वयाच्या एकशेचाराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पुण्यात शिकलेले आणि म्हैसूर घडवणारे विश्वेश्वरय्या त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, शंभरी ओलांडून गेले. एकाच वर्षी विद्यापीठे उभारणारे हे दोघे एकाच वर्षी निघून गेले.

मान्यतेचे प्रमाणपत्र आवश्यकच असते. विद्यार्थ्यांचे भवितव्य त्यावर अवलंबून असते. परंतु समिती येण्याआधी आणि गेल्यानंतरही वर्गात काय चालते, कोणासाठी चालते, याचे उत्तर संस्थेपाशी असावे लागते. अण्णांपाशी ते पहिल्या दिवसापासून होते. म्हणून सरकारचा कागद येईपर्यंत पस्तीस वर्षे त्यांना थांबता आले. आपल्यापैकी जे संस्था चालवतात, शिकवतात किंवा शिकतात, त्यांना हे बळ आणि ही सबुरी श्रीगजाननाने द्यावी, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!